उदारमतवादी व परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट : श्रद्धाभेद

पवित्र शास्त्राचा अधिकार, ख्रिस्ताचे स्वरूप, तारणाचा मार्ग आणि मंडळीचे समाजातील कार्य यांविषयी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांत एकोणिसाव्या शतकापासून पडत गेलेला भेद. लूथरन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट ही जुनी विभागणी बाप्तिस्मा, प्रभुभोजन, मंडळीचा कारभार अशा प्रश्नांवरून झाली होती. हा भेद तिला आडवा छेदून जातो. म्हणूनच एखाद्या उदारमतवादी मेथडिस्टाला स्वतःच्याच पंथातल्या परंपरानिष्ठापेक्षा उदारमतवादी अँग्लिकन अधिक जवळचा वाटू शकतो. भेदाची बीजे जर्मनीत पडली, पण त्याची सर्वांत गाजलेली लढाई अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये 1922 ते 1936 या काळात झाली. पुढील विवेचनाचा भर तिच्यावर आहे.

शास्त्राचा अधिकार : सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. फ्रीडरिख श्लायरमाखर याने 1799 मध्ये धर्माचा पाया सिद्धांतात न शोधता मनुष्याच्या ईश्वरविषयक अनुभवात शोधला. पुढे जर्मन विद्यापीठांत बायबलचा अभ्यास इतर प्राचीन ग्रंथांप्रमाणे होऊ लागला. मोशेची म्हणून मानलेली पाच पुस्तके निरनिराळ्या काळांतल्या लेखनांची गुंफण आहे, हे मत युलियुस वेलहाउझेन याच्या 1878 च्या ग्रंथाने रूढ केले. उदारमतवाद्यांनी हे निष्कर्ष स्वीकारले. त्यांच्या मते बायबलमध्ये देवाचा शोध आणि देवाचा स्पर्श या दोहोंची नोंद आहे. लिहिणारी माणसे आपापल्या काळाची होती आणि त्या काळाचे अज्ञानही त्यांच्या लेखनात उतरले आहे.

परंपरानिष्ठांची भूमिका प्रिन्स्टन सेमिनरीच्या परंपरेतील ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफील्ड यांनी 1881 मध्ये मांडली : मूळ लेखनात शास्त्र सर्वस्वी निर्दोष आहे. ती मूळ हस्तलिखिते आज कोणापाशीच नाहीत, हे त्यांनाही मान्य होते, आणि प्रतिपक्षाने या जागेवर नेमके बोट ठेवले. मात्र निर्दोषत्व मानणारा प्रत्येक जण उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस चोवीस तासांचेच धरतो, ही समजूत चुकीची आहे. स्वतः वॉरफील्ड उत्क्रांतीची शक्यता नाकारत नव्हता. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून 1925 मध्ये डेटन येथे चाललेल्या प्रसिद्ध खटल्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत ते दिवस दीर्घ कालखंड असू शकतील, असे सांगितले होते.

पाच मुद्दे आणि प्रेस्बिटेरियन संघर्ष : न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतील प्राध्यापक चार्ल्स ब्रिग्ज यांना शास्त्राच्या निर्दोषत्वावर टीका केल्याबद्दल प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेने 1893 मध्ये पाळकपदावरून निलंबित केले. 1910 मध्ये महासभेने पाच गोष्टी आवश्यक ठरवल्या : शास्त्राचे निर्दोषत्व, ख्रिस्ताचा कुमारिकेपासून जन्म, आपल्या पापांचा दंड ख्रिस्ताने स्वतःवर घेतला हा प्रायश्चित्ताचा सिद्धांत, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याच्या चमत्कारांची सत्यता. त्याच वर्षी तेल उद्योगातील लायमन व मिल्टन स्टुअर्ट या भावांच्या पैशावर ‘द फंडामेंटल्स’ ही पुस्तिकामाला निघू लागली. 1915 पर्यंत तिचे बारा भाग निघाले आणि ते पाळक, मिशनरी व शिक्षकांना फुकट पाठवले गेले. ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव 1920 मध्ये एका बॅप्टिस्ट संपादकाने रूढ केले. आज शिवीसारखा वापरला जाणारा हा शब्द तेव्हा लोकांनी अभिमानाने मिरवला.

21 मे 1922 रोजी हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये फंडामेंटलिस्ट जिंकणार का, असा प्रश्न विचारणारे प्रवचन केले. फॉस्डिक स्वतः बॅप्टिस्ट होते. कुमारिकेपासून जन्म मानणारे आणि न मानणारे एकाच मंडळीत नांदू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवचन छापून देशभर वाटले गेले आणि वणवा पेटला. फॉस्डिक यांना अखेर ते व्यासपीठ सोडावे लागले. पुढे जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या आर्थिक पाठबळावर उभे राहिलेले रिव्हरसाइड चर्च 1930 मध्ये त्यांच्यासाठी उघडले. प्रिन्स्टनचे जे. ग्रेशम मेचेन यांनी 1923 च्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड लिबरॅलिझम’ या पुस्तकात उत्तर दिले : उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्माचा सौम्य प्रकार नाही, तो वेगळाच धर्म आहे. हे पुस्तक निव्वळ चिडचीड म्हणून बाजूला सारता येत नाही. येशूचे देवत्व, त्याचे प्रायश्चित्त व पुनरुत्थान काढून घेतल्यावर उरणारी नीती जुन्याच नावाने का ओळखायची, हा त्यांचा प्रश्न नेमका होता.

1924 च्या ऑबर्न निवेदनावर पुढे 1,274 पाळकांच्या सह्या झाल्या. या निवेदनाने पाचांपैकी ख्रिस्तविषयक तथ्ये नाकारली नाहीत. त्यांचे एकच स्पष्टीकरण सर्वांवर लादण्याचा महासभेचा अधिकार नाकारला. निर्दोषत्वाचा मुद्दा मात्र शास्त्रातच नाही, असे ते म्हणाले. या लढाईचा निकाल खरे तर मधल्या गटाने लावला. 1925 चे मॉडरेटर चार्ल्स अर्डमन आणि परदेशी मिशन मंडळाचे चिटणीस रॉबर्ट स्पीअर हे दोघेही श्रद्धेने परंपरानिष्ठ आणि दोघेही ‘द फंडामेंटल्स’चे लेखक होते. तरीही मंडळी फुटू नये म्हणून ते मेचेन यांच्या विरोधात गेले. काय मानायचे यावर त्यांचे मेचेनशी फारसे भांडण नव्हते. न मानणाऱ्याला बाहेर काढायचे की नाही, यावर होते. 1929 मध्ये प्रिन्स्टन सेमिनरीची पुनर्रचना झाल्यावर मेचेन यांनी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर सेमिनरी काढली आणि 1936 मध्ये वेगळे चर्च स्थापन केले. ते पुढे ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च म्हणून ओळखले जाऊ लागले.

प्रायश्चित्त : परंपरानिष्ठ मतानुसार क्रूसावर देवाच्या न्यायाची पूर्तता झाली, पाप्याच्या जागी निष्पाप उभा राहिला. पित्याने निरपराध पुत्राला दंड द्यावा, ही कल्पना उदारमतवाद्यांना खटकली. होरेस बुशनेल यांच्यासारख्यांनी क्रूसाकडे देवाच्या दुःखसहनशील प्रेमाचे दर्शन म्हणून पाहिले. ते दर्शन माणसाचे मन पालटते. उदारमतवाद्यांना पापाची खोली कळली नाही, असा परंपरानिष्ठांचा आक्षेप आहे. पहिल्या महायुद्धानंतर धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ याने तो वेगळ्या दिशेने आणखी धारदार केला. बार्थला मात्र दोन्ही छावण्या पुरता आपला मानत नाहीत.

अन्य धर्मीयांचे तारण : या प्रश्नाची झळ महाराष्ट्राला थेट लागली. सुवार्ता कधीच न ऐकता मेलेल्यांना मृत्यूनंतर ती स्वीकारण्याची संधी मिळेल, असे मत 1880 च्या दशकात अँडोव्हर सेमिनरीतून मांडले जाऊ लागले. अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ए. ह्यूम 1886 मध्ये मायदेशी असताना त्यांनी या मताची पाठराखण केली, तेव्हा मिशनच्या बोर्डाने त्यांची परत पाठवणी अडवून धरली. या मतामुळे मिशनकार्याची निकडच संपते, असा विरोधकांचा युक्तिवाद होता. नगरच्या पूर्वजांना सरसकट नरकात घालणारी सुवार्ता कोण ऐकणार, ही ह्यूम यांच्यापुढची व्यावहारिक अडचण. अखेर 1887 मध्ये ते परतले. याच मिशनमध्ये पुढे काम केलेल्या नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. टिळकांना पाश्चात्त्य उदारमतवादी म्हणणे चूक ठरेल. त्यांची ख्रिस्तभक्ती तुकोबांच्या वाटेने आली होती.

1932 मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम हॉकिंग यांच्या आयोगाचा ‘रीथिंकिंग मिशन्स’ हा अहवाल आला. इतर धर्मांना हटवण्याऐवजी त्यांच्यासोबत सत्यशोध करावा आणि दवाखाने व शाळा धर्मप्रचाराचे साधन म्हणून चालवू नयेत, असा त्याचा सूर होता. कोल्हापूर व मिरजेचे काम पाहणाऱ्या प्रेस्बिटेरियन मिशन मंडळालाच मेचेन यांनी या निमित्ताने धारेवर धरले आणि 1933 मध्ये स्वतंत्र मिशन मंडळ काढले.

समाज व नीती : वॉल्टर राउशेनबुश या न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत पूर्वी पाळक राहिलेल्या बॅप्टिस्टाने 1907 मध्ये सामाजिक सुवार्तेची मांडणी केली, कारखान्यातील शोषण हेही त्याच्या लेखी पाप होते. परंपरानिष्ठांनी भर दिला तो व्यक्तीच्या नव्या जन्मावर. स्त्रियांच्या पाळकपदाबाबत रेषा इतकी सरळ नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन चर्चने 1956 मध्ये ते खुले केले, सदर्न बॅप्टिस्टांनी 2000 च्या श्रद्धानिवेदनात ते पुरुषांपुरते राखले. मात्र असेम्ब्लीज ऑफ गॉड हे शास्त्राबाबत कडवे पेंटेकोस्टल चर्च स्त्रियांना पूर्वीपासून दीक्षा देत आले आहे.

अलीकडचा वाद समलिंगी विवाह व समलिंगी पाळकांवरून आहे. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये 2019 ते 2023 या काळात अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. उरलेल्यांनी 2024 मध्ये समलिंगी पाळक व विवाह यांवरील जुनी बंदी उठवली. या वादात आफ्रिकेतील मेथडिस्ट व अँग्लिकन मंडळ्यांचा मोठा भाग परंपरानिष्ठ बाजूला आहे.