नऊ वर्षं ट्रॉफी आमच्याच किनाऱ्यावर होती

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची ट्रॉफी कोकण किनारपट्टी सोडून कुठे गेलीच नाही. एकदा मुंबईला गेली, बाकी आठ वेळा गोव्यात. ज्या कोलकात्यात फुटबॉलवरून घरात दोन पार्ट्या पडतात, तिथले मोहन बागान आणि ईस्ट बंगाल लीगच्या बाबतीत नऊ वर्षं नुसते बघत राहिले.

नकाशावर मुंबई आणि गोव्याच्या मधे आम्ही. मालवणात मोठा झालेला मुलगा म्हणून सांगतो, आमच्याकडे या गोष्टीचा कोणाला पत्ताही नव्हता. आमचं जग टेनिस बॉल क्रिकेटचं आणि कबड्डीचं. गोव्याशी संबंध म्हणजे नोकरी, म्हापशाचा बाजार आणि गंभीर आजारपण आलं की बांबोळीचं हॉस्पिटल. आता किनाऱ्यावर मेस्सीची जर्सी घातलेली पोरं दिसतात. रँटी मार्टिन्स कोण हे विचारलं तर ‘खयचो तो?’ एवढंच उत्तर मिळेल.

तर आधी हिशेब नीट मांडू. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) सुरू झाली. पहिला विजेता पंजाबचा जेसीटी. १९९८-९९ मध्ये साळगावकरने गोव्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मग बरीच वर्षं बंगालची. २००४-०५ मध्ये धेंपो, पुढच्या वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड, आणि त्यानंतर ओळीने सात वर्षं गोवा: धेंपो, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. एकूण धेंपो पाच, साळगावकर दोन, चर्चिल दोन. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १५ लाखांच्या आसपास. एवढ्याशा राज्यातले तीन क्लब सात वर्षं एकमेकांतच ट्रॉफी फिरवत होते.

या सात वर्षांच्या पोटात एक गंमत दडलेली आहे. २००६-०७ चा हंगाम हा एनएफएलचा शेवटचा. २००७-०८ पासून लीगचं नाव झालं आय-लीग. म्हणजे शेवटची एनएफएल जिंकणारा आणि पहिली आय-लीग जिंकणारा क्लब एकच, धेंपो. प्रशिक्षक तोच, आर्मांदो कुलासो. संघाचा कणाही तोच. बदलली ती पाटी. तरी आज कोणी ‘आय-लीगचे विक्रम’ असा तक्ता काढला तर धेंपोच्या नावावर तीन विजेतेपदं दिसतात, पाच नाही.

मी पोटासाठी डेटाबेसवर काम करतो. नवी सिस्टिम आली की जुना डेटा उचलून आणायचा की नाही, यावर मीटिंगा होतात, आणि जुन्याच्या बाजूने बोलणारा माणूस खोलीत नसेल तर निर्णय पाच मिनिटांत होतो. भारतीय फुटबॉलमध्ये हे दोनदा झालं. पहिल्यांदा २००७ मध्ये. ते तसं सौम्य होतं, कारण क्लब तेच राहिले आणि जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडून बघणारे लोकही राहिले. दुसऱ्यांदा झालं ते फार मोठं. त्याकडे येतोच.

आधी गोल. २००६-०७, २००७-०८ आणि २००८-०९ असे तीन हंगाम सर्वाधिक गोल चर्चिलच्या ओडाफा ओकोलीचे. २०१०-११ आणि २०११-१२ मध्ये धेंपोच्या रँटी मार्टिन्सचे. दोघेही नायजेरियाचे. २०११-१२ मध्ये रँटीने ३२ गोल केले, हा एका हंगामाचा विक्रम. ओडाफाचे २००७-०८ मधले गोल २२. दहाचा फरक दिसतो, पण ओडाफाच्या त्या हंगामात दहाच संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १८ फेऱ्या. रँटीच्या वेळी १४ संघ आणि २६ फेऱ्या. भागाकार करून बघा: १.२२ आणि १.२३. तक्त्यात एक जण वर आणि दुसरा बराच खाली, मैदानावर मात्र दोघे जवळजवळ बरोबरीत. माझं मत विचाराल तर मी ओडाफाच्या बाजूने, पण त्याला पुरावा नाही.

रँटीच्या नावावर एनएफएल आणि आय-लीग मिळून २०० हून अधिक गोल आहेत. त्यातले सहा एकाच सामन्यातले. ३० मे २०११ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर धेंपोने एअर इंडियाला १४-० हरवलं. आय-लीगमधला सगळ्यात मोठा विजय. एअर इंडिया मुंबईचा संघ, म्हणजे इथेही किनाऱ्याची दोन टोकं आमनेसामने. आणि एवढं करून धेंपो त्या वर्षी विजेता नव्हताच. ट्रॉफी साळगावकरने नेली.

या सगळ्या आकड्यांत गोवेकर कुठे आहेत, हा प्रश्न मला सतावतो. धेंपोच्या बचावात महेश गवळी आणि समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा. गवळी, नाईक ही आडनावं आमच्या वाडीवाडीत सापडतात. आजच्या लीगमध्ये पास, टॅकल, अडवलेले फटके असं सगळं मोजून प्रेक्षकांसमोर ठेवतात. त्या काळात प्रेक्षकांच्या हाती प्रामुख्याने गोल करणाऱ्याचं नाव लागायचं, आणि गोल परदेशी स्ट्रायकर करायचे. बचावपटूने न होऊ दिलेल्या गोलांचा तक्ता काही छापून येत नव्हता. कुलासोंचं तेवढं बरं झालं. एकाच क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिल्याने त्यांचं नाव विक्रमांत आपोआप बसलं.

आता दुसरी वेळ. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. शहरांच्या नावाच्या नव्या फ्रँचायझी, पहिला हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा. त्यात धेंपो नाही, साळगावकर नाही. पुढे हीच लीग देशात अव्वल ठरणार आणि आय-लीग खाली जाणार असा आराखडा मांडला गेला, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो तर खालच्या विभागात घसरून, ती स्पर्धा जिंकून नुकताच वर आला होता.

याचं खापर काही जण खाणबंदीवर फोडतात, कारण धेंपो आणि साळगावकर ही खाणवाल्यांची घराणी. रेडी, कळणे बघितलेल्या माणसाला हे चटकन पटतं. पण धेंपोंनी खाणव्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, बंदी आली २०१२ मध्ये, आणि क्लब बाहेर पडले २०१६ मध्ये. नव्या रचनेत आपल्याला वर चढायचा जिनाच नाही, हे त्यांचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

मुंबईच्या टोकाला काय झालं? महिंद्रा युनायटेड २०१० मध्येच बंद झाला. एअर इंडियाही राष्ट्रीय लीगमधून गेला. म्हणजे १४-० या विक्रमातला हरलेला संघ आता लीगमध्ये नाही आणि नऊ वर्षांच्या साखळीतला मुंबईचा दुवा अस्तित्वातच नाही.

आयएसएलचे विक्रम २०१४ पासून मोजतात. त्या यादीत सर्वाधिक गोल करणारा म्हणून २०२४ मध्ये सुनील छेत्री पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा आकडा होता ६४. छेत्रीबद्दल तक्रार कशाला असेल! पण तो स्वतः २००९-१० मध्ये धेंपोकडून आणि २०१२-१३ मध्ये चर्चिलकडून लीग जिंकलाय. म्हणजे या यादीत खुद्द छेत्रीचेही जुने गोल नाहीत. रँटीचे २०० तर दूरच.

चर्चिल तेवढा आय-लीगमध्ये परतला आणि टिकला. २०२४-२५ मध्ये धेंपोही वर येऊन त्याच्या जोडीला खेळला. त्या हंगामात एप्रिल २०२५ मध्ये महासंघाच्या अपील समितीच्या निर्णयानंतर ४० गुणांसह चर्चिल विजेता जाहीर झाला. एका सामन्यात नामधारी क्लबने अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद होता, आणि त्याचे गुण आपल्याला मिळावेत म्हणून वाराणसीचा इंटर काशी थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात गेला. जुलैमध्ये निकाल आला. इंटर काशी ४२, चर्चिल ४०. तीन महिने तक्त्यात गोव्यापुढे दहा विजेतेपदं होती, अर्थात एनएफएलची धरणाऱ्यांच्या तक्त्यात. आता परत नऊ.