नाव नसलेली कॅसेट

माझ्याकडे 1989 सालच्या दिवाळीतली एक कॅसेट आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत मनोरला मामाकडे आलो होतो. गाणी टेप करण्याचं वेड होतं. प्रत्येक कॅसेटच्या कार्डावर गायक, संगीतकार, गीतकार, चित्रपट, साल असं सगळं बारीक अक्षरात लिहायचो. त्यात चूक झालेली मला खपायची नाही.

एका संध्याकाळी मामा म्हणाला, "ते रेडिओवरचं पुरे, खरं वाजवणं ऐकायचं तर चल." मस्तान नाका मागे टाकून आम्ही सायकलींवरून एका पाड्यावर गेलो. टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले होते. अंगणात एक म्हातारबाबा तारपा फुंकत होते. पोकळ केलेला सुका दुध्या भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सूर मध्ये कुठे तुटतच नव्हता. गालात हवा धरून ठेवायची, ती सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा, ही त्यामागची युक्ती मला पुढे कितीतरी वर्षांनी कळली. बाबांभोवती पोरं-पोरी एकमेकांच्या कमरेला हात घालून फिरत होती. तारपेवाला वळला की सगळी साखळी वळायची. त्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम मामाने मला हळूच सांगितला.

घरी येऊन मी कार्डावर लिहिलं : 'तारपा, मनोर, दिवाळी 89'. बस, एवढंच. वाजवणाऱ्याचं नाव विचारावं हे मला सुचलंच नव्हतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या एका मोठ्या प्रदर्शनात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं लागली होती. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा आणि तारप्याभोवती फिरणारं माणसांचं चक्र हा त्यांच्या चित्रांतला नेहमीचा विषय. म्हणजे मी नाव न विचारता जे टेप करून आणलं, तेच तिकडे चित्रकाराच्या नावासकट भिंतीवर होतं. हा योगायोग मला पुष्कळ उशिरा कळला आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : नाव कुणाचं राहतं?

वारली चित्र मुळात लग्नाचं. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नचौक लिहायच्या. चौकात पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. धवलेरी गाणी म्हणायची. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढे धुराने आणि पावसाने ते पुसलं तरी कुणी हळहळायचं नाही. त्यावर सही नसायची, कारण ते एकटीचं नसायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्याआधी, बिहारमधल्या 1966-67 च्या दुष्काळात, पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून त्यांनी मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद दिला होता. तिथे भिंतीवरचं कागदावर आलं आणि बायकांची नावं झाली; जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. इकडे मात्र कागदावर नाव झालं ते म्हसे यांचं. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि मातीत रेघा ओढून मनातलं सांगायचे, असं म्हणतात. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. लग्नाबाहेरचं सगळं जगणं, शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, त्यांनी त्या रेषेत आणलं. पण त्यांच्याआधी पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या बायकांचं एकही नाव मला सांगता येत नाही.

मला वाटतं, जे उचलून नेता येतं त्याला नाव चिकटतं. कागद पॅरिसला जातो, भिंत जात नाही. तारप्याचंही तसंच. त्याचं चित्र साड्यांवर, कपांवर, महामार्गावरच्या हॉटेलांच्या भिंतींवर गेलं. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आवाज मात्र नव्या भाताच्या हंगामात, पाड्यावरच राहिला. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि नव्वदी गाठल्यावर पद्मश्री मिळाली, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. तारपेवाल्याला नाव असतं, हे मला 1989 मध्येच कळायला हवं होतं.

मामा आता नाही. गेल्या दिवाळीत कॅसेटचं रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन मी त्या पाड्यावर गेलो. कुडाची घरं थोडीच उरली आहेत, अंगणात मोटारसायकली. आठ-दहा जण जमले. पहिला सूर लागताच एक आजी म्हणाल्या, "हा तर आमचाच." शेजारच्या घरातल्या आजोबांनी दुसरंच नाव घेतलं. मग वाद सुरू झाला. फुंक कुणाची, वळताना सूर कोण असा ओढायचा, त्या वर्षी आजारी कोण होतं. रेकॉर्डिंग तीनदा ऐकून झालं तरी निकाल लागेना. मी मात्र इतक्या वर्षांत ते तसं एकदाही ऐकलं नव्हतं. मला तारपा ऐकू यायचा, त्यांना माणूस ऐकू येत होता.

घरी येऊन कार्डावर दोन्ही नावं लिहिली, पेन्सिलीने, मध्ये प्रश्नचिन्ह घालून. माझ्या सगळ्या संग्रहात खात्री नसलेली नोंद ही एकच आहे. या दिवाळीत पुन्हा जाणार आहे. त्या वर्षी साखळीत नाचणारी एक बाई आता विक्रमगडकडे असते, तिला नक्की ठाऊक असेल, असं आजी म्हणाल्या आहेत.