मक्याचे कणीस : बी आले, रीत मागे राहिली

पावसाळ्यात लोणावळ्याला भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेगड्यांची रांग लागते. निखाऱ्यावर कणीस फिरवायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचा, दाणे तडतडू लागले की लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून कणसावर चोळायची. तळेगाव दाभाड्याजवळच्या वराळ्यापासून खंडाळ्यापर्यंत मावळातल्या कुणाही मुलाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. मावळ हा भाताचा मुलूख, तरी हे कणीस इथलेच वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ घर मेक्सिकोत आहे, आणि तिथल्या रस्त्यांवरही ते असेच विकले जाते.

तिथे या कणसाला 'एलोते' म्हणतात. कणीस भाजतात किंवा उकडतात, काडीला टोचतात, त्यावर अंड्याचे व तेलाचे दाट मिश्रण म्हणजे मेयॉनीज फासतात, खारट चीज भुरभुरतात, वर लाल तिखट घालून लिंबू पिळतात. 'एलोते' हा शब्द नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेतल्या 'एलोत्ल' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ कोवळे कणीस. वाळलेल्या कणसाला आणि सोललेल्या दाण्यांना त्या भाषेत वेगळे शब्द आहेत. आपण भात, तांदूळ, पोहे असे वेगवेगळे शब्द वापरतो, तसेच हे. ज्या समाजाचे पोट एका धान्यावर चालते, त्याच्या भाषेत त्या धान्याची प्रत्येक अवस्था नोंदलेली असते.

आता दोन्हीकडची कणसे शेजारी ठेवून पाहू. आपल्या कणसावरची मिरची मक्याप्रमाणेच अमेरिका खंडातली आहे. एलोतेवरचे लिंबू मात्र मूळचे आशियातले. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला, तेव्हा लिंबूवर्गीय फळांचे बी अमेरिकेकडे गेले. चीज ज्या दुधाचे करतात, त्या गायीही स्पॅनिश लोकांनीच तिकडे नेल्या. म्हणजे मका आणि मिरची तिकडून इकडे आली, लिंबू इकडून तिकडे गेले, आणि शेवटी दोन्ही कणसांची चव बरीचशी सारखी झाली.

मका मेक्सिकोचाच कशावरून? दक्षिण मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे रानगवत उगवते. त्याच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि प्रत्येकावर कठीण कवच असते. जॉर्ज बीडल या शास्त्रज्ञाने (त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले) मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सुमारे पन्नास हजार रोपे तपासली. साधारण पाचशेमागे एक रोप थेट मक्यासारखे आणि तितकीच थेट टिओसिंटेसारखी निघाली. त्यावरून दोघांमधले मोठे फरक चार-पाच जनुकांमुळे असावेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढे २००२ साली डीएनएच्या तुलनेतून दिसले की, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या टिओसिंटेपासून मका घडला. मक्याचे दाणे आपणहून गळून पसरत नाहीत, कणीस पानांत गुंडाळलेले असते. माणसाने पेरला नाही तर मका टिकणार नाही.

भारतात मका सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला, असे सामान्यतः मानले जाते. याला १९८९ साली एक आव्हान मिळाले. कर्नाटकातील सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मंदिरातील मूर्तींच्या हाती मक्याची कणसे आहेत, असे दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडले. मक्यावर आयुष्यभर काम केलेल्या भारतीय शास्त्रज्ञांनी १९९३ साली ते खोडून काढले. त्यांच्या मते ते मक्याचे कणीस नसून मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ, म्हणजे 'मुक्ताफळ' आहे. आकारातले साम्य हा पुरावा ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी हा वाद चांगला आहे.

मक्याचे बी युरोपात, आफ्रिकेत, आशियात भराभर पसरले. पण मेक्सिकोत वाळलेला मका नुसता दळून खात नसत. तो चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुवून साले काढायची आणि मग ओला वाटायचा. अशी क्रिया केलेल्या मक्याला 'निश्तमाल' म्हणतात. तिथली भाकरी, म्हणजे तोर्तिया, या वाटलेल्या मक्याची असते. स्पॅनिश लोकांनी बी नेले. ही खटपट बायकांच्या स्वयंपाकघरातली होती, ती त्यांना गरजेची वाटली नाही.

त्याची किंमत गरिबांनी मोजली. स्पेनमध्ये १७३५ साली गास्पार कासाल या वैद्याने मका खाऊन जगणाऱ्या शेतकऱ्यांतला एक रोग नोंदवला. हातांवर आणि गळ्याभोवती लाल, खरखरीत चट्टे, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. इटलीत १७७१ साली त्याला 'पेलाग्रा' म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात तो थैमान घालू लागला, तेव्हा बहुतेकांना तो संसर्गजन्य वाटे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ साली मिसिसिपीतल्या अकरा कैद्यांना माफीच्या बोलीवर मका, मैदा, भात अशा निकस आहारावर ठेवले. काही महिन्यांत त्यांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. कारण आहारातच होते. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) हा त्यावरचा इलाज ओळखला.

मग मक्यात नायसिन नसते का? असते, पण वाळलेल्या दाण्यात ते बहुतांशी पेशीभित्तिकेतल्या कर्बोदकांना घट्ट बांधलेले असते. आपले आतडे ते सोडवू शकत नाही. चुन्याचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे हे बंध तुटतात. शिवाय मक्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही कमी असते. शरीर त्यापासून थोडे नायसिन तयार करते, तीही वाट अडते. मेक्सिकोत मक्याच्या जोडीला घेवडा असे, तो ही उणीव भरून काढी.

हा आजार परक्यांचाच असे समजू नये. १९६० साली हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमध्ये ज्वारीवरच भागवणाऱ्या गरीब लोकांतला पेलाग्रा नोंदवला. भाकरीबरोबर डाळ आणि शेंगदाणे परवडणे ही केवळ चवीची बाब नाही.

आणि घाटातले कणीस? त्याची धास्ती नको. कोवळ्या दाण्यात मोकळे नायसिन वाळलेल्या दाण्यापेक्षा जास्त असते. शिवाय पावसाळ्यातले चार कणीस म्हणजे रोजचा आहार नव्हे. एलोतेलाही मेक्सिकोत चुना लावत नाहीत. चुना लागतो तो वाळलेल्या, पोटभरीच्या मक्याला.

वर्गात एक प्रयोग करता येईल. वाण्याकडचा खाण्याचा वाळलेला मका घ्यावा. बियाण्याचा नको, त्याला औषध चोळलेले असते. स्टीलच्या दोन भांड्यांत एकेक वाटी मका आणि तीन-तीन वाट्या पाणी घ्यावे. एकात पाव चमचा खायचा चुना ढवळावा. दोन्ही अर्धा तास मंद आचेवर उकळून रात्रभर ठेवावीत. चुना डोळ्यात जाऊ नये म्हणून हे काम शिक्षकांनी करावे. दुसऱ्या दिवशी दाणे धुवून बोटांनी चोळून पाहावेत. चुन्यातल्या दाण्यांची साले सुटतात, साध्या पाण्यातल्यांची चिकटून राहतात. पेशीभित्तिका सैल झाल्याची ही खूण. नायसिन मात्र डोळ्यांना दिसत नाही, हेही सांगावे.

चुन्याची निवळी आपल्या घरांत अनोळखी नव्हती, कोहळ्याचा पेठा करताना ती वापरतातच. मकाही आला होता. पण या दोहोंची गाठ घालणारे माणूस बियाबरोबर आले नाही. मुलांनी घरी आजीला विचारावे : सुरण चिंच घालून का शिजवतात? कडव्या वालांना मोड आणून ते का सोलतात? उत्तरे लिहून ठेवावीत. बी पेटीत जपून ठेवता येते. ते कसे खायचे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे त्यांनाच विचारावे लागते.