मागच्या दाराने पाहिलेले वॉटसन हॉटेल



इतिहासावर बोलायला माझ्यासारख्या माणसाला बोलावले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण हॉटेल कामगारांच्या सभांत आणि गावच्या वाचनालयात झाले. गेली तीस वर्षे मी हॉटेलांत जात आलो आहे, पण पुढच्या दाराने फार क्वचित. संघटनेच्या माणसाची वाट मागून, भटारखान्यावरून जाते. आज आपण मुंबईच्या एका नामांकित हॉटेलात त्याच वाटेने शिरू.

हे हॉटेल म्हणजे फोर्टात काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात किल्ल्याचा जुना तट पाडला गेला व बांधकामाला जागा मोकळी झाली. जॉन वॉटसन नावाच्या इंग्रज कापडविक्याने तिथे इमारत उठवली. तिचा आराखडा रोलंड ऑर्डिश या इंजिनियराचा. ओतीव लोखंडाचे खांब व तुळया विलायतेत तयार झाल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि १८६७ ते १८६९ या दोन वर्षांत इथे जोडल्या गेल्या. अशा लोखंडी सांगाड्याच्या ज्या इमारती आपल्या देशात टिकल्या, त्यांत ही सर्वांत जुनी मानली जाते.

एवढे कोणत्याही पुस्तकात सापडते. मालकाचे नाव सापडते, इंजिनियरचेही सापडते. पण बंदरावरून ते खांब कोणी वाहून आणले, कोणी उभे केले, भिंतीच्या विटा कोणी रचल्या? त्यांचे नाव मला कुठेही मिळाले नाही.

हॉटेल युरोपियन लोकांसाठी होते. वाढायला इंग्रज मुली ठेवल्या होत्या, असेही सांगतात. मग आपली माणसे तिथे होती कुठे? त्याचे उत्तर एका पाहुण्यानेच लिहून ठेवले आहे. १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत आला आणि वॉटसनमध्ये उतरला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने मुंबईच्या कावळ्यांवर मोठे गमतीचे लिहिले, आणि लोकांना तेवढेच आठवते. मला आठवतो तो त्याच्या सामानाचा प्रसंग. हातातले सामान वर न्यायला चौदा माणसांची रांग लागली होती. एकाच्या हातात कोट, एकाच्या हातात छत्री, एकाच्या हातात सिगारांची पेटी, एकाकडे नुसती एक कादंबरी, आणि शेवटच्याच्या हातात फक्त पंखा. वर पोचल्यावर प्रत्येकजण बक्षिसीच्या पैशासाठी थांबून राहिला. वाचणारा हसतो. मला मात्र यात हसू येत नाही. एका माणसाचे काम चौदांनी वाटून घेतले, याचा अर्थ एका माणसाच्या पोटापुरती मजुरी चौदांत वाटली गेली होती.

त्यानंतर खोलीत जे घडले, ते ट्वेनलाही हसण्यासारखे वाटले नाही. गच्चीच्या काचेच्या दाराचे काही काम एक नोकर गुडघ्यांवर बसून करीत होता. देखरेख करणाऱ्या जर्मन माणसाला ते पसंत पडले नाही. काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या जबड्यावर फटका मारला, आणि चूक मग सांगितली. नोकराने तो मुकाट्याने सोसला. ट्वेन लिहितो की, असे दृश्य त्याने पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. त्याला आपले बालपण आठवले, घरचे गुलाम आठवले, आणि दहा वर्षांचा असताना क्षुल्लक कारणावरून डोळ्यांदेखत मारला गेलेला एक गुलामही आठवला. आपल्याकडे गुलामगिरी कायद्याने उरलेली नव्हती. पण परक्या पाहुण्याला दोन्ही ठिकाणचा फटका एकच वाटला.

त्याच वर्षी ७ जुलैला या हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. हिंदुस्थानातला हा पहिला सिनेमा. तिकीट एक रुपया. सहा लहान चित्रे दाखवली गेली, त्यांत आगगाडी येते ते एक, आणि सुटी होऊन कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार हे दुसरे. मंडळी, जरा विचार करा. लालबाग-परळच्या गिरण्यांतून रोज हेच दृश्य दिसत होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मिळवली, त्यालाही सहाच वर्षे झाली होती. फाटकातून बाहेर पडणारा कामगार पडद्यावर हॉटेलात शिरला. खरा कामगार शिरायचा तो ट्रे घेऊन, आणि त्याला रविवारही नव्हता. हॉटेलातल्या नोकराला आठवड्याची सुटी कायद्याने मिळायला दुकाने व आस्थापनांचे १९३९ चे आणि मग १९४८ चे कायदे यावे लागले.

सिनेमा मात्र हॉटेलात कोंडून राहिला नाही. आठवड्याभरात नॉव्हेल्टी थिएटरात खेळ सुरू झाले. त्या खेळांनी भारावून आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरच्या कुस्तीचे चित्र घेतले.

जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारात अडवले, म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली असेल. ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडले, हे खरे. अपमानाची गोष्ट सिद्ध झालेली मला दिसत नाही. तरी ती टिकली, कारण अडवला गेलेला धनवान होता. जबड्यावर फटका खाल्लेल्या नोकराची गोष्ट छापलेली असूनही कोणी सांगत नाही.

ताजपुढे वॉटसन मागे पडले. पुढे ते बंद झाले, खोल्यांचे तुकडे पडले, आणि एस्प्लनेड मॅन्शन या नावाने तिथे वकिलांच्या कचेऱ्या, लहान दुकाने व बिऱ्हाडे नांदू लागली. २००५ मध्ये गच्च्यांचा भाग कोसळून एक माणूस ठार झाला. २००६ च्या जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. पाडावी असे काही तज्ज्ञांनी म्हटले, राखावी असे काहींनी.

राखावी, असेच माझे मत आहे. पण राखायचे ते काय, हे आधी ठरवू या. खांब राखले आणि ते उभे करणाऱ्यांचा विसर पडला, तर विलायती लोखंडच तेवढे राखल्यासारखे होईल. गेलेली नावे परत येणार नाहीत. आपल्या गावातली मात्र अजून हाताशी आहेत. बंद पडलेली खानावळ, जुने थिएटर, मोडीत गेलेली गिरणी यांचे हजेरीपट कुठेतरी धूळ खात असतील. तिथे राबलेली म्हातारी माणसे आपल्याच आळीत राहतात. पुढच्या वसंतापर्यंत आपणांपैकी दहाजणांनी एकेका माणसाशी बोलून नाव, गाव, काम आणि पगार एवढे जरी वहीत उतरवले, तरी या व्याख्यानमालेत पुढचे भाषण त्या वहीचे होईल. ते ऐकायला मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.