आजीला ‘हलू नको’, आईला ‘ऊठ’

मागच्या महिन्यात एका गटाचं कर्जाचं रजिस्टर तपासत होते. ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात तीन ठिकाणी जवळजवळ एकच नोंद होती : सासूबाई पडल्या, आई पडली, वडील पडले. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळीच फेडते. हे कर्ज कोण फेडतं, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आज पडलेल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलते. त्यांच्या खुब्याच्या हाडालाही मोठा इतिहास आहे, आणि त्यात माझ्या घरची दोन माणसं आहेत.

१९९८ च्या पावसाळ्यात माझी आजी गोठ्याच्या दारात शेणावरून घसरली. शेजारच्या गावातून हाडवैद्य आले. त्यांनी पाय ओढून पाहिला, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, “म्हातारीला अजिबात हलू देऊ नका.” आम्ही हलू दिलं नाही. मी नऊ वर्षांची होते, तिच्या बाजेशी बसायचं काम माझ्याकडे. ती म्हणायची, “मला जरा कुशीवर कर गं.” आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “नको, हलवू नको!” दीड महिन्यात पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. दिवाळी तिने पाहिली नाही. पायाचं हाड मोडलं होतं, आणि आजी गेली छातीच्या आजाराने. हे कोडं मला पुष्कळ वर्षं उलगडलं नव्हतं.

हाडवैद्यांना मी नावं ठेवत नाही. ते सांगत होते ते फार जुनं शहाणपण होतं. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार सांगितलेत. वड, पिंपळ, उंबर, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबू लावून हाड बांधायला सांगितलंय. बांधलेलं कधी सोडून पुन्हा बांधायचं, तेही आहे : थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. पाय मोडलेल्याला फळीवर झोपवून खुंट्यांनी पाय स्थिर करायची रीतसुद्धा त्यात आहे. आणि एक वाक्य तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं : तरुणाचं हाड महिन्यात सांधलं, तर मध्यम वयाला त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट वेळ लागतो.

इंग्लंडातही तेच. लिव्हरपूलचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस हे हाडवैद्याच्या घरातले. वडील पिढीजात हाडं बसवणारे, मुलगा शिकून डॉक्टर झाला. मोडलेल्या अवयवाला भरपूर आणि सलग विश्रांती हवी, हा त्यांचा आग्रह. त्यांनी बनवलेल्या लोखंडी पट्टीने पुढे पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेले कितीतरी सैनिक वाचले. हातापायाच्या बहुतेक हाडांना हा नियम लागू पडतो. पोराचा हात मोडला की प्लास्टर घालून आपण तो स्थिर ठेवतोच की.

म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याला मात्र हा नियम सोसत नाही. मांडीच्या हाडाला वरच्या टोकाला गोळा असतो आणि गोळ्याखाली मान. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या मानेच्या अंगानेच जातात. मान मोडली की त्या तुटतात, मग हाड सांधणार कशाच्या जोरावर? लंडनचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली हे लिहून ठेवलं. हाड जुळत नसेल तर म्हाताऱ्याला उगाच पाडून ठेवू नये, दुखणं ओसरलं की खुर्चीत बसवावं, कुबड्या द्याव्यात, असं त्यांचं मत होतं. पण कुबड्यांवर कितीजणी चालू शकणार? बहुतेक अंथरुणातच राहिल्या. पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो. आजीचं कोडं मला इथे सुटलं.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हा कुठे हाड नेमकं कुठे मोडलंय ते डोळ्यांना दिसायला लागलं. १९२५ साली अमेरिकेत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाकळ्यांचा खिळा बसवून मोडलेली मान जोडली. १९४० मध्ये ऑस्टिन मूर यांनी धातूचा गोळा बसवला. त्यांच्या नावाचा गोळा पुढे आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही वर्षानुवर्षं बसवला गेला.

पण मला या सगळ्यांपेक्षा जास्त आवडते ती मार्जरी वॉरेन ही डॉक्टर बाई. १९३५ च्या सुमारास लंडनजवळच्या एका रुग्णालयात तिच्या वाट्याला ७०० हून जास्त खाटा आल्या. त्यांवर म्हातारी, ‘आता काही होणार नाही’ म्हणून ठेवलेली माणसं. तिने एकेकाला नीट तपासलं, कुणाला बसवलं, कुणाला उभं केलं, चालवलं, आणि त्यांतली बरीच माणसं घरी गेली. नवं औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. खाट सोडायला लावणं, एवढाच उपचार.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी माझी आई न्हाणीत पडली. वय ६८. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात हे डॉक्टरांनी १९४० च्या सुमारास ओळखलं, पण आमच्या घरात ते कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ हाडवैद्यांना बोलवायला निघाला होता. वहिनीने आशाताईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, “एक पाय आखूड दिसतोय का? पाऊल बाहेरच्या बाजूला पडलंय का?” दोन्ही होतं. उभं करू नका म्हणाल्या. फळीवर झोपवून, दोन पायांमध्ये उशी ठेवून आईला जीपने तालुक्याला नेलं. (कुणी कुणी मोडल्या हाडानेही चार पावलं चालतं. म्हणून ‘चालतेय ना’ म्हणून गप्प बसू नका, फोटो काढाच.) तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आपल्याकडे जनआरोग्य योजना २०१२ पासून आहे. दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर आरोग्यमित्राला गाठा. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम घेणारी मुलगी वॉकर घेऊन आली. “आजी, उठायचं हं.” माझ्या तोंडून निघालं, “अहो, हलवू नका!” अगदी माझ्या आईचं वाक्य, तिच्याच आवाजात. आईने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही बाज आठवली असणार. मग ती वॉकर धरून उभी राहिली, रडली, आणि दोन पावलं चालली.

घरी आल्यावरचं वहिनीने केलं. भांडं देणं, अंग पुसणं, रात्री तीनदा उठणं. मी रविवारी फळं घेऊन जायची आणि सूचना देऊन यायची. एकदा वहिनी म्हणाली, “ताई, सूचना मला पाठ झाल्यात.” राग आला, पण खरंच होतं ते. १९५६ च्या हिंदू कायद्यात म्हाताऱ्या आईबापांना पोसायची जबाबदारी मुलाइतकीच मुलीची आहे. १९८७ साली आपल्याच राज्यातल्या बापलेकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्वतःची मिळकत असलेली लग्न झालेली लेकही जबाबदार आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत. सुनेचं नाव त्यात नाही. आणि आपल्या गावात अंथरुणापाशी कोण असतं?

आई पहिल्यासारखी झालेली नाही. वॉकर आहे, खाली बसता येत नाही, न्हाणीत एकटी जायला घाबरते. भावाने तिथे लोखंडी दांडा बसवलाय आणि खरबरीत फरशी टाकलीय. गेल्या पावसाळ्यापासून गुरुवार आणि रविवार माझे आहेत, रात्रीसकट. त्या दिवशी वहिनी तिच्या माहेरी जाते, नाहीतर नुसती झोपते. आज गुरुवारच आहे. इथलं रेकॉर्डिंग संपलं की साडेचारची एसटी पकडायची आहे.