फेर्रे

फेर्रे : 'वाहणे, नेणे, आणणे' या अर्थाचे लॅटिन भाषेतील एक अनियमित क्रियापद. फेरो, फेर्रे, तुली, लातुम अशी त्याची चार मुख्य रूपे देण्याचा कोशांत प्रघात आहे.

ओझे वाहणारा ते सोसतोही, म्हणून या क्रियापदास 'सहन करणे' हा अर्थ आला. भूमी पीक धारण करते, म्हणून 'उत्पन्न करणे' हा अर्थ आला व त्यावरून सुपीक भूमीस फेर्तिलिस हे विशेषण लाभले. आणि वार्ता मुखोमुखी वाहिली जाते, म्हणून फेरुन्त म्हणजे 'लोक असे सांगतात' असा प्रयोग रूढ झाला. रोमन राज्यकारभारात कायद्याचा मसुदा लोकांच्या सभेपुढे मांडण्यास लेगेम फेर्रे म्हणत, तर लष्करातील निशाणबरदारास सिग्निफेर ही संज्ञा होती.

आदिम इंडो-युरोपीय भाषेतील 'भेर्' हा या क्रियापदाचा मूळ धातू होय. शब्दारंभीच्या मूळ भकाराचा लॅटिनमध्ये फकार होतो, जसे संस्कृत भ्रातृ, लॅटिन फ्रातेर. या नियमानुसार संस्कृत भृ (भरति) आणि ग्रीक फेरो ही त्याची सगोत्र रूपे ठरतात. फारसीतील बुर्दन हे क्रियापदही त्याच कुळातले असून, पैगंबर म्हणजे पैगाम वाहून आणणारा, या शब्दाचे उत्तरपद त्यापासूनच सिद्ध झाले आहे.

तुली व लातुम ही रूपे मात्र 'उचलणे, पेलणे' या अर्थाच्या निराळ्या धातूची आहेत. प्लाउतुसच्या नाटकांत तुलीचे तेतुली हे जुने अभ्यस्त रूप आढळते; लातुम हे आरंभीचा तकार लोपून तयार झाले. संस्कृत तुला व मराठी तोलणे यांचा संबंध याच धातूशी असल्यामुळे, 'भार तोलणे' या मराठी प्रयोगात लॅटिन क्रियापदाचे दोन्ही धातू एकत्र नांदताना दिसतात.

इंग्रजीच्या द्वारे मराठीत आलेल्या ट्रान्सफर, कॉन्फरन्स, ऑफर या शब्दांत फेर्रे, तर ट्रान्सलेशन, रिलेशन यांत लातुम आहे.

फ्रान्झ बोप याने 1816 साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांच्या क्रियापदरूपांची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली, तेव्हापासून भाषांचे नाते केवळ शब्दसादृश्यावर न ठरवता रूपरचनेवर ठरवण्याची शिस्त रूढ झाली. त्या शिस्तीचा पहिला धडा गिरवण्यास फेर्रेइतके उपयुक्त उदाहरण मराठी वाचकास क्वचितच मिळेल.