नहाणी ट्रॅप

फाल्गुन आला की घरोघरी मोऱ्या तुंबतात. धुळवडीचा रंग, पोळ्यांचं तूप, पाडव्याच्या साफसफाईतला केर, सगळं जाळीखाली. आमची भिवंडी यंत्रमागांची, त्यामुळे कपडे धुताना कापसाचं तूसही जातं.

पूर्वी मोरीचं पाणी उघड्या पन्हळीतून परसातल्या अळवाला आणि केळीला जाई. तुंबलं तर काठीने ढोसलं की झालं. मोहेंजोदडोच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गटारांवरही उचलता येतील अशी झाकणं होती. शहाणी माणसं! आपण फरशीखाली सगळं गाडून टाकलं.

१७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासासाठी वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. बाकात थोडं पाणी कायम राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. तीच युक्ती पुढे मोरीत आली आणि आपल्याकडच्या इंजिनिअरांच्या इंग्रजीत तिचं नाव पडलं ‘नहाणी ट्रॅप’. आपली नहाणी अशी पुस्तकात जाऊन बसली! पण तूप थिजतं तेही त्याच बाकात.

घरात कुणी ॲसिडची बाटली आणली की मी अडवतो. आपण ओतलेलं पुढे गटारात जातं आणि तिथे माणूस असतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात.

म्हणून आमच्याकडे तेलकट ताटं आधी कागदाने पुसायची. तरीही तुंबलंच, तर रबरी पंप. त्यानेही नाही हटलं, तर सिंकखाली बादली ठेवून बाक हाताने खोलायचा.